दाढ काढून आल्यावर कोणती गोळी कशाबरोबर घ्यायची

संध्याकाळी सातच्या सुमारास, दुकानात गर्दी असताना एक गृहस्थ काउंटरशी आले. गालाला रुमाल, दाताखाली कापसाचा बोळा, बोलायची सोय नाही. खिशातून दोन पट्ट्या काढून त्यांनी काचेवर ठेवल्या आणि हातानेच विचारलं, दोन्ही घेऊ का? एक झिरोडॉल-एसपी, दाताच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी लिहून दिलेली. दुसरी कॉम्बिफ्लाम, घरच्या डब्यातली. नावं वेगळी, रंग वेगळे. एकीने भागलं नाही तर दुसरी जोडीला घ्यायची, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मी दोन्ही पट्ट्या पालथ्या केल्या आणि मागची बारीक अक्षरं पेनाने दाखवली. पहिलीत अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. दुसरीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दोन्ही घेतल्या असत्या तर पॅरासिटामॉल दुप्पट झालं असतं, पोटावर दोन जळजळीत गोळ्यांचा भार पडला असता, आणि ठणका मात्र एका गोळीने कमी होतो त्याहून फारसा कमी झाला नसता. मी कॉम्बिफ्लाम बाजूला काढली आणि मधल्या वेळेसाठी साधी पॅरासिटामॉल दिली. त्यांनी माझंच पेन घेऊन तिच्यावर ‘दुपार’ असं लिहिलं आणि मान हलवून निघाले.

गेली १८ वर्षं मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी आहे आणि हा प्रसंग माझ्यासमोर दर आठवड्याला घडतो. म्हणून पहिल्यांदाच दाढ काढून घेणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहिते आहे. यातले डोस धडधाकट प्रौढ माणसासाठी आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. तुमचं तोंड त्यांनी पाहिलेलं असतं.

पहिली पायरी: खुर्चीत बसण्याआधी

घरात रोज चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि दवाखान्यात घेऊन जा. ‘बीपीची एक पांढरी गोळी आहे’ असं सांगून काहीच कळत नाही. पिशवी नेणं जमत नसेल तर प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा, नाव नीट वाचता येईल असा फोटो काढून ठेवा.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगा: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पूर्वी कधी अल्सर किंवा काळी शी झाली होती का, दमा आहे का, किडनीचा किंवा लिव्हरचा त्रास आहे का, दिवस गेले आहेत का, दारू किती आणि किती वेळा. शेवटचा प्रश्न बायकामुलांसमोर टाळला जातो. तो आत गेल्यावर एकट्याने सांगा, पण सांगा.

इकोस्प्रिन (म्हणजे कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन) किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर दाढ काढायची म्हणून स्वतःच्या मनाने ती थांबवू नका. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त दाबून किंवा टाका घालून थांबवता येतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, म्हणजे स्टेंटमध्ये, गुठळी झाली तर ती तशी थांबवता येत नाही. काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं हे दाताचे आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवतील.

दुसरी पायरी: गोळ्यांची दोन घरं ओळखा

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. दाढ काढल्यावर आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या दोन घरांतल्या असतात.

पहिल्या घरात एकटं पॅरासिटामॉल राहतं. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ६५० ही सगळी त्याचीच नावं. ते दुखणं आणि ताप कमी करतं, पोटाला त्रास देत नाही, रक्त गोठण्यात अडथळा आणत नाही. सुजेवर मात्र त्याचा जोर कमी पडतो. त्याचा धोका लिव्हरला असतो, आणि तो मर्यादा ओलांडली की येतो.

दुसरं घर भरलेलं आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्पिरिन हे सगळे भाऊबंद. दाढ निघाली की तिथल्या जखमी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांच्यामुळे नसा हळव्या होतात, सूज येते, ठणका लागतो. ब्रिटिश संशोधक जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरिन ही रसायनं तयार होणंच अडवतं. १९८२ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. अडचण अशी की हीच रसायनं जठराचं आतलं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे जाणारा रक्तपुरवठाही राखतात. म्हणून या घरातली गोळी दुखणं थांबवते आणि त्याच वेळी पोटाची आणि किडनीची ढाल पातळ करते.

आता एकत्र घेण्याचा नियम. एका वेळी पहिल्या घरातलं पॅरासिटामॉल आणि दुसऱ्या घरातली कोणतीही एकच गोळी. दुसऱ्या घरातल्या दोघांना कधीही एकत्र आणायचं नाही. अडवण्याची जागा एकच असल्यामुळे दुसरी गोळी टाकून वेदना फारशी कमी होत नाही. पोटातून रक्त जाण्याचा धोका मात्र वाढतो. दोन वेगळ्या घरांतली औषधं वेगवेगळ्या वाटांनी काम करतात, म्हणून त्यांची बेरीज खरोखर फळते.

आणि ही बेरीज चांगली तपासून पाहिलेली आहे. अक्कलदाढ काढलेले रुग्ण हे जगभर वेदनाशामक औषधं पारखण्याचं ठरलेलं मैदान आहे: माणसं बहुधा तरुण आणि निरोगी, वेदना ठराविक वेळी सुरू होणारी, मोजायला सोपी. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढल्यावर नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा आयब्युप्रोफेन सरस ठरलं आणि दोन्ही मिळून आणखी चांगली दिसली. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये किशोरवयीन आणि प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही पहिली पसंती याच घरांना आहे: आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, एकटं किंवा पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमबरोबर. ‘साध्या गोळ्यांनी काय होणार, काहीतरी स्ट्राँग द्या’ असं म्हणणाऱ्याला मी हेच सांगते. नीट जोडलेल्या साध्या गोळ्या बहुतेक दाढांना पुरतात.

तिसरी पायरी: पट्टी उलटी करून वाचा

पट्टीच्या पुढचं ठळक नाव हे टोपणनाव. खरं नाव मागे, बारीक अक्षरांत असतं. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथे, कारण आपल्याकडच्या लोकप्रिय गोळ्या एकेकट्या नसून मिसळलेल्या असतात.

कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झिरोडॉल-पीमध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. त्यातच सेराशिओपेप्टिडेज १५ घातलं की झिरोडॉल-एसपी. एन्झोफ्लाममध्ये डायक्लोफेनॅक ५०, पॅरासिटामॉल ३२५ आणि तेच सेराशिओपेप्टिडेज. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉल, म्हणजे या दोन्ही घरांबाहेरचं अफूच्या जातीचं वेदनाशामक, आणि पॅरासिटामॉल. मासिक पाळीसाठी घरात असलेल्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक अ‍ॅसिड आहे, म्हणजे तीही दुसऱ्या घरातलीच. केटोरोल-डीटी, पाण्यात विरघळणारी ती लहानशी गोळी, हे केटोरोलॅक १० मिलिग्रॅम. आणि ज्या सर्दीच्या गोळ्यांकडे वेदनाशामक म्हणून कुणी पाहतच नाही, त्या सिनारेस्ट आणि विक्स अ‍ॅक्शन ५०० मध्येही पॅरासिटामॉल असतं.

सेराशिओपेप्टिडेजबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक ‘सुजेची गोळी वेगळी द्या’ म्हणून ते मागतात. ते वेदनाशामक नाही, आणि सूज उतरवण्याबद्दलचा त्याचा पुरावा कच्चा आहे. जपानमध्ये ते बनवणाऱ्या मूळ कंपनीने २०११ मध्ये बाजारातून परत घेतलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत असेल तर असू द्या. वेगळं विकत आणायची गरज नाही.

एक विनंती. दोन गोळ्या हव्यात म्हणून पट्टी कात्रीने कापून घेतली की बहुतेक वेळा नावाचा निम्मा भाग दुकानातच राहतो. तुमच्या हातात येतो ‘…प्रोफेन’ लिहिलेला चतकोर तुकडा, नाहीतर नुसती चकचकीत चांदी. दोन दिवसांनी ती कशाची गोळी होती हे कुणालाच सांगता येत नाही. कापून घेतलीच तर तिथल्या तिथे नाव, किती मिलिग्रॅम आणि मुदत पाकिटावर लिहून मागा. द्यायला आम्ही बांधील आहोत. आणि कुणी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या कशाच्या हे कळेपर्यंत त्यांच्या जोडीला दुसरं काहीही घेऊ नका.

चौथी पायरी: पहिली गोळी भूल उतरण्याआधी

सकाळी ११ ला दाढ निघाली असं धरू. ओठ आणि गाल साधारण दुपारी २ ते ३ पर्यंत बधिर राहतात. या वेळात काहीच दुखत नाही, म्हणून माणूस खूश असतो आणि गोळी पुढे ढकलतो. मग भूल उतरते, कळ एकदम उसळते, आणि गोळीला असर दाखवायला अर्धा ते एक तास लागतो. तो तास फार वाईट जातो. मधल्या घाईत लोक दुसरी गोळी घेतात, मग तिसरी. बहुतेक चुका त्याच तासात होतात.

म्हणून बोळा पाऊण तास दाबून धरून झाला की थोडं मऊ, गार खा: दहीभात, गार केलेली खीर, कुस्करलेलं केळं. दुसऱ्या बाजूने, सावकाश, कारण बधिर ओठ दाताखाली आला तर कळतसुद्धा नाही. त्यावर १ च्या आसपास पहिला डोस, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. गरम चहा आज नको, आणि नारळपाणी प्यायचं तर स्ट्रॉ न लावता. ओढल्याने खड्ड्यातली गुठळी सुटू शकते.

दुसऱ्या घरातली गोळी उपाशीपोटी घेऊ नका. ‘तोंडच उघडत नाही, खाऊ काय’ असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, वाटीभर ताकभात पुरतो. अ‍ॅसिडिटीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल, बहुधा पँटोप्राझोल ४०, तर ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास. ती जठराला आधार देते, किडनीला देत नाही. ‘पॅन घेतलीय, आता काहीही चालतं’ हे खरं नाही.

पाचवी पायरी: वेळापत्रक कागदावर

चिठ्ठीवर १-०-१ असेल तर सकाळ आणि रात्र. १-१-१ असेल तर सकाळ, दुपार, रात्र. ‘एसओएस’ म्हणजे लागलीच तर. पहिले दोन-तीन दिवस दुखण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे घेणं बरं, कारण चढलेला ठणका उतरवण्यापेक्षा तो चढू न देणं सोपं असतं. सूज तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त दिसते, त्यामुळे ‘कालपेक्षा आज गाल मोठा’ म्हणून घाबरू नका.

सुट्या गोळ्या असतील तर सरळ मांडणी अशी: सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ९ ला खाऊन झाल्यावर आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५००, दोन्ही एकदमच. दिवसाचा हिशेब, आयब्युप्रोफेन १२००, पॅरासिटामॉल १५००. आयब्युप्रोफेनची १२०० ही घरच्या घरी गाठायची शेवटची रेघ आहे. त्यापुढे डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय जायचं नाही. पॅरासिटामॉलची पुस्तकातली कमाल मर्यादा २४ तासांत ४००० मिलिग्रॅम, पण मी सगळ्यांना ३००० ला थांबा म्हणते. कारण कुठल्या ना कुठल्या सर्दीच्या गोळीतून थोडं नकळत पोटात गेलेलं असतंच.

कॉम्बिफ्लाम दिली असेल तर तीन वेळा. तिच्यातून आयब्युप्रोफेन १२०० पूर्ण झालं, पॅरासिटामॉल ९७५ झालं. म्हणजे दुसऱ्या घराचं दार दिवसभरासाठी बंद, पहिल्या घरात अजून जागा आहे. रात्री ३ ला ठणक्याने जाग आली तर तेव्हा कॉम्बिफ्लाम पुन्हा नको; साधी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालेल, ९ च्या डोसला सहा तास झालेत.

झिरोडॉल-पी किंवा झिरोडॉल-एसपी दिली असेल तर ती दिवसातून दोनदाच, बारा तासांच्या अंतराने. अ‍ॅसिक्लोफेनॅकची दिवसाची मर्यादा २०० आहे. समजा सकाळी ८ आणि रात्री ८. यांची नेहमीची तक्रार म्हणजे दुपार जात नाही. दुपारी २ ला पॅरासिटामॉल ६५०, आणि गरज पडलीच तर रात्री २ ला आणखी एक. बेरीज: झिरोडॉलमधून ६५०, वरून १३००, एकूण १९५०. मर्यादेच्या खूप आत. पहिल्या गृहस्थांच्या पट्टीवर ‘दुपार’ लिहिलं ते याच हिशेबाने.

पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत, ते कोणत्याही गोळीतून आलेलं असो, निदान चार तास. सहा ठेवता आले तर उत्तम. आणि गोळी घेतल्यावर तिला तासभर द्या. वीस मिनिटांत काही होत नाही म्हणून दुसरी घ्यायची नाही. त्या वेळात गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं ठेवा. पहिल्या दिवशी बर्फाने खरंच फरक पडतो.

हे सगळं डोक्यात ठेवू नका. दुखत असताना आणि झोप नसताना कुणाच्याच लक्षात राहत नाही, रात्रीची गोळी घेतली की नाही हेसुद्धा. कॅलेंडरच्या पानामागे तीन रकाने आखा: वेळ, गोळीचं खरं नाव, किती मिलिग्रॅम. घेतली की लगेच लिहा. घरात दोघं जण गोळ्या देणारे असतील तर हा कागद फ्रिजवर लावा, नाहीतर सूनबाई एक देतात आणि सासूबाई दुसरी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कमी करत आणा. आधी दुसऱ्या घरातली गोळी सोडा, पॅरासिटामॉल गरजेपुरतं ठेवा. अँटिबायोटिक दिलं असेल तर ते वेदनाशामक नव्हे. ‘ती मोठी कॅप्सूल घेतली की बरं वाटतं’ म्हणून तिची वेळ किंवा संख्या बदलायची नाही.

केटोरोलॅकबद्दल वेगळं. जोरदार गोळी आहे आणि दाताच्या दुखण्यावर खूप लिहिली जाते. तिच्याबरोबर दुसऱ्या घरातली कोणतीही गोळी पूर्णपणे बंद, कॉम्बिफ्लामही नाही आणि झिरोडॉलही नाही. जोडीला फक्त पॅरासिटामॉल. पाच दिवसांच्या पुढे ती चालवत नाहीत. अल्ट्रासेट मिळाली असेल तर त्या काळात गाडी चालवू नका, जोडीला दारू किंवा झोपेची गोळी नको. फिट्स येत असतील किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर ती घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

ज्यांच्यासाठी हे वेळापत्रक नाही

इथे घाई करू नका, स्वतःचं नाव शोधा.

बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी जास्त होणारी गोळी, या दोन्ही चालू असतील, आणि पुष्कळांच्या एकाच गोळीत त्या दोन्ही असतात, उदाहरणार्थ टेल्मा-एच, तर वरून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्यास किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. म्हातारा माणूस, उन्हाळा, तोंड दुखतं म्हणून पाणी कमी प्यायलेलं, अशी सगळी जुळवाजुळव झाली तर दोन-तीन दिवसांत लघवी कमी होऊन रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावल्याची खूण, वाढलेलं दिसू शकतं. अशांना पॅरासिटामॉलच, आणि बाकीचं डॉक्टरांना विचारून. किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, पूर्वीचा अल्सर यांनाही हेच.

इकोस्प्रिन ७५ रोज घेणाऱ्यांनी आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तातल्या प्लेटलेटवर अ‍ॅस्पिरिनची जी बसायची जागा आहे, तिथे आयब्युप्रोफेन आधी जाऊन बसतं आणि इकोस्प्रिनचा उपयोग कमी होतो. वर पोटातून रक्त जाण्याची भीती वेगळीच. अ‍ॅसिट्रोम किंवा वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांना दुसरं घर पूर्ण बंद. त्यांनी आणखी एक बघायचं: दाताच्या चिठ्ठीत मेट्रोनिडाझोल, म्हणजे मेट्रोजिल वगैरे, असेल तर ते अ‍ॅसिट्रोमचा असर वाढवतं. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना अ‍ॅसिट्रोमची कल्पना आहे ना, हे विचारल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा घेऊ नका. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस दारू नको, हे सगळ्यांनाच लागू.

दमा असलेल्यांपैकी काहींना अ‍ॅस्पिरिन किंवा त्याच्या भाऊबंदांनी दम्याचा जोराचा झटका येतो. पूर्वी असं झालं असेल, किंवा नाकात मांस वाढण्याचा त्रास असेल, तर दुसऱ्या घरातलं काही नको.

गरोदरपणात विसाव्या आठवड्यापासून दुसरं घर बंद. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून. अंगावर पाजणाऱ्या आईला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही चालतात. हे इथे ठासून लिहिते, कारण ‘दूध पाजतेय’ म्हणून कितीतरी मुली नुसता ठणका सोसत बसतात.

रोज दारू घेणारे, लिव्हरचा आजार असलेले, पन्नास किलोच्या आतले अशक्त लोक: यांच्यासाठी पॅरासिटामॉलची तीन हजारांची रेघसुद्धा जास्त आहे. बहुतेक वेळा डॉक्टर दोन हजारांच्या आत ठेवतात.

आणि पावसाळा. दाढ काढल्यावर थोडी कसकस वाटू शकते, पण जून ते ऑक्टोबरात अंग मोडून ताप भरला, डोळ्यांमागे दुखायला लागलं, तर आधी डेंग्यूचा विचार करा. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि दुसऱ्या घरातल्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. ती गोळी तिथेच थांबवा, फक्त पॅरासिटामॉल ठेवा आणि रक्त तपासून घ्या.

लहान मुलांसाठी

वयावर नाही, वजनावर. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३००. घोळ होतो तो बाटलीत: एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. ‘मागच्या वेळी दोन चमचे दिले होते’ हे तेवढ्यानेच धोक्याचं होतं. लेबल वाचा, आणि घरच्या चमच्याऐवजी बाटलीबरोबरचं माप वापरा. आयब्युप्रोफेनची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना देत नाहीत, कारण रे सिंड्रोम हा मेंदू आणि लिव्हरवर येणारा दुर्मीळ पण भयंकर आजार त्याच्याशी जोडलेला आहे. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांची गोळी अर्धी तोडून देण्याचा प्रकार कृपा करून बंद करा.

खड्ड्यात काहीही ठेवायचं नाही

डिस्प्रिन दाढेपाशी दाबून ठेवली की दुखणं थांबतं, असं कुणीतरी सांगतंच. थांबत नाही. गोळी गिळून रक्तात गेली तरच तिचा उपयोग. हिरडीवर ठेवली की ती पांढरी, सोललेली, भाजल्यासारखी जखम करते. दाढ काढण्याआधी किडीवर लवंगेचं तेल ठीक होतं. ताज्या खड्ड्यात ते नको, हिंगाची गोळीही नको. पहिले २४ तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, तोंड नुसतं कलतं करत, हळुवार.

मिश्रीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून ‘तंबाखू नाही’ असं सांगतात, आणि सकाळी बोटाने मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निदान आठवडाभर ती नको, गुटखा नको, बिडी नको. नाहीतर गुठळी निसटते, हाड उघडं पडतं, आणि मग कुठल्याही दोन घरांची बेरीज पुरी पडत नाही.

गोळ्या पुरत नसतील तेव्हा

दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलटं वाढलं, कानापर्यंत कळ जाऊ लागली, तोंडाला घाण वास आला, तर तो ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळी निसटून उघडा पडलेला खड्डा, असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी लोक माझ्याकडे येऊन ‘याहून स्ट्राँग’ मागतात. मी देत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन आत औषधाची पट्टी भरतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो.

तोंड उघडेनासं झालं, गिळता येईना, सूज गळ्याकडे उतरली, श्वास अडतोय असं वाटलं, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. बोळा अर्धा-अर्धा तास दोनदा दाबूनही रक्त वाहतच असेल, शी डांबरासारखी काळी झाली, रक्ताची उलटी झाली, अंगावर पित्तासारख्या गांधी उठून ओठ-डोळे सुजले, दम लागला, तर गोळ्या बंद आणि लगेच निघा.

पॅरासिटामॉल जास्त पोटात गेल्याचं लक्षात आलं, चुकून असो वा ठणक्याच्या भरात, तर काही होत नाही म्हणून थांबू नका. पहिला दिवस माणूस ठीक दिसतो; थोडी मळमळ, बस. लिव्हरचं नुकसान मागून कळतं. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. जाताना रिकाम्या पट्ट्या आणि फ्रिजवरचा तो कागद बरोबर न्या. कोणती गोळी, किती आणि किती वाजता हेच तिथले डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

गाल उतरला, दुखणं गेलं की उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात टाकू नका. नाव आणि मुदत दिसणारी अख्खी पॅरासिटामॉलची पट्टी ठेवा. केटोरोल, अल्ट्रासेट, अर्ध्या कापलेल्या आणि नाव गेलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत. पुढच्या वेळी घरात कुणाचीतरी कंबर धरेल आणि हात त्याच डब्यात जाईल.